घोडीवर बसलेला घोडेवाला

डोंगरमाथ्यापर्यंतची वाट सगळी चढाची, आणि ती पर्यटकांना दाखवण्यात घोडेवाल्याचा उभा जन्म गेला. वर बसणारा दर फेरीला बदलायचा, खाली चालणारा तोच. साठी कधी उलटली ते त्याला कळलंही नाही; गुडघ्यांना मात्र बरोबर कळलं होतं.

घरात यावरूनच रोज वाजायचं. "अहो, आता पुरे करा," पायांना तेल चोळताना बायको म्हणायची. "घोडी द्या माझ्या भावाच्या ताब्यात आणि बसा स्वस्थ."

हा भाऊ म्हणजे घोड्यांच्या अड्ड्याचा मुकादम. ज्याला गिऱ्हाइकाबरोबर पायी चालवत नाही, त्याचा घोडा दुसऱ्याच्या हाती जाणार, हा तिथला कायदा. "दाजी, तुमच्यासाठी वेगळा नियम नाही करता येणार मला," असं त्यानं बजावूनच ठेवलं होतं. म्हणून घोडेवाला अड्ड्यावर छाती काढून चालायचा आणि वळण ओलांडून अड्डा दिसेनासा झाला की मुकाट्यानं घोडीच्या मागे जायचा. शेपटी धरायची आणि चढावर तिलाच ओढू द्यायचं. घोडी बिचारी गिऱ्हाईकही वाहायची आणि मालकही. गिऱ्हाइकाला वाटायचं, माणूस किती काळजीनं मागून लक्ष ठेवतोय!

त्या दुपारच्या बाईंच्या तोंडाला क्षणाची उसंत नव्हती. माथा येईपर्यंत त्यांनी सुनेची, डॉक्टरांची आणि हॉटेलातल्या गादीची उणीदुणी काढली. घोडेवाला धापा टाकत "हो ताई, हो ताई" करत राहिला. परत फिरल्यावर पहिल्याच उताराला बाई ओरडल्या, "थांबवा, थांबवा! माझ्या पोटात गोळा येतो. मी आपली चालते."

उतरणीला शेपटीचा काही उपयोग नव्हता. थोडं चालल्यावर बाईंनी मागे वळून पाहिलं.

"मामा, तुम्ही लंगडताय."

"छे हो ताई, खडा टोचला."

"दोन्ही पायांना एकदमच? घोडी रिकामीच चाललीय, बसा वर."

"घोडेवाल्यानं बसायचं नसतं."

"इथे कोण बघायला बसलंय?"

खरंच कोणी नव्हतं. वळणाच्या अलीकडे उतरायचं असं मनाशी पक्कं करून तो दगडावर चढला आणि कसाबसा खोगिरात बसला. पाय मोकळे सुटले तशी गुडघ्यांतली कळ ओसरली. इतकं बरं वाटलं की त्याला रडूच यायला लागलं. लगाम बाईंनी धरला आणि सुनेची गोष्ट राहिली होती तिथून पुढे सुरू झाली. घोडी एका लयीत झुलत होती. घोडेवाल्याचे डोळे मिटले.

वळण आलं. घोडीला कोणी थांबवलं नाही, म्हणून ती थांबली नाही.

त्याला जाग आली ती घोडी थांबली तेव्हा. समोर अड्डा होता. सगळे घोडेवाले हातातलं काम टाकून बघत उभे होते. एक जण फिस्सकन हसला आणि त्यानं लगेच तोंड फिरवलं. बाई कौतुकानं सांगत होत्या, "गुणाची हो घोडी तुमची!"

घोडेवाल्यानं घाईघाईनं उतरायला पाय उचलला. तो खोगिरावरून पलीकडे येईचना. पुन्हा उचलला. गुडघा आखडून लाकूड झाला होता.

मेहुणा पुढे आला. तो आता सगळ्यांदेखत बोलणार, म्हणून घोडेवाल्यानं उत्तरंही जुळवली होती. पण मेहुण्यानं नुसती रिकीब धरली आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"सावकाश, दाजी. घाबरू नका, मी धरलंय."

आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाशी बोलतात, तोच आवाज. शिव्या दिल्या असत्या तर तो भांडला असता. या आवाजाशी काय भांडणार? त्यानं सगळा भार मेहुण्यावर टाकला आणि खाली आला. सवयीनं लगामाकडे हात नेला, तर लगाम दुसऱ्या घोडेवाल्याच्या हातात गेला होता.

"घरी सोडायला येऊ?" मेहुण्यानं हळूच विचारलं.

"नको. जाईन मी चालत," घोडेवाला म्हणाला, आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर जाऊन बसला. लाज वाटत होती, वाईटही वाटत होतं. पण उठावंसं काही वाटलं नाही.