भिंतीकडची खुर्ची

फेब्रुवारीतला दुसरा बुधवार. बरोबर घेतलेली रक्कम अठ्ठावीस हजार रुपये. हजर माणसं चार: मी, माझी बायको, कॉलेजात शिकणारी आमची मुलगी आणि माझी आई. पहाटे चारला रत्नागिरीतून आमच्या जुन्या गाडीने निघालो, मुंबईच्या अलीकडच्या एका मोठ्या थीम पार्ककडे.

बुधवार ठरवायला दोन कारणं होती. मधल्या वारी तिकीट स्वस्त पडतं. शिवाय सोमवार, गुरुवार आणि शनिवार हे आईचे वार. त्या दिवशी ती मासे खात नाही, आणि सातशे-आठशे रुपये देऊन नुसती उसळ खाणं मला पटणारं नव्हतं.

पैशांची वाटणी मी आधीच केली होती. पेट्रोल पाच हजार, एका रात्रीच्या दोन खोल्या साडेसहा हजार, तिकिटं साडेचार हजार, टोल आणि किरकोळ दीड हजार, खाणं सहा हजार, आणि अडीअडचणीला साडेचार हजार. यातला खाण्याचा आकडा हाच घरातल्या वादाचा विषय होता. आमच्याकडे प्रवासाला निघायचं म्हणजे डबा बांधायचा. घावनं, लसणीची चटणी, दहीभात, बाटलीत कोकम सरबत. मी लहान होतो तेव्हा हे आई करायची, लग्नानंतर बायको करू लागली. बाहेर खाण्यावर सहा हजार हे आमच्या घरात कधी ऐकलेलं नव्हतं.

पण बायकोची अट होती. ती रत्नागिरीजवळ भाट्याच्या आमच्या घरात अकरा वर्षं पर्यटकांसाठी घरगुती जेवण करते. सुरमई थाळी साडेतीनशे रुपये, भाकरी हवी तेवढी. मी पतसंस्थेत हिशेब बघतो, त्यामुळे तिच्या थाळीचा हिशेबही माझ्याकडेच. वर्षाला किती थाळ्या जातात ते मला पाठ आहे. सहलीचा विषय निघाला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी येते. पण दोन दिवस मी चुलीला हात लावणार नाही, डबा बांधणार नाही. मला एक जेवण बसून जेवायचंय. गरम. कोणीतरी वाढलेलं."

मी विचार करू लागलो. आमच्याकडे तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात जाते, म्हणून जेवणारे जेवत असतात तेव्हा करणारी चुलीपाशी असते. सगळ्यांचं झालं की ती उरलेल्या दोन भाकऱ्या घेऊन बसते, तोवर त्या चिवट झालेल्या असतात. लग्नाला तेवीस वर्षं झाली. गरम भाकरी खाताना मी तिला पाहिलंय असं मला आठवेना. मी खाण्याच्या रकान्यात सहा हजार लिहिले.

निघताना तिने खरोखरच चहासुद्धा केला नाही. आई काळोखात गॅसकडे बघत उभी राहिली.

"काय गो, खरंच नाही?"

"खरंच नाही, आई."

"बरं," आई म्हणाली, आणि चप्पल शोधायला लागली.

वाटेत हायवेवर वडे, इडली आणि चहाला पाचशे वीस रुपये झाले. आईने वडा उलटसुलट करून बघितला. "एवढ्यात माझे दहा नारळ आले असते," ती म्हणाली. मुलगी म्हणाली, "आजी, मग नारळ खा." आईने वडा संपवला.

अकराच्या सुमारास पार्कच्या दारात पोचलो. तिथे मी जे पाहिलं ते नीट सांगणं मला जमणार नाही. मी कोकणातला माणूस. मोठं म्हटलं की समुद्र, नाहीतर कडा. माणसाने केलेली एवढी मोठी वस्तू मी जवळून पाहिली नव्हती. लोखंडाचे रूळ आभाळात चढत गेलेले, तिथून एकदम खाली कोसळलेले, परत गोल वळून स्वतःच्याच पोटाखालून निघालेले. त्यावरून पंचवीस-तीस माणसं ओरडत गेली आणि क्षणभराने आवाज आमच्यापर्यंत आला. मी मान वर करून उभाच राहिलो. याचे नट कोण आवळत असेल, रोज सकाळी कोण तपासत असेल, असले प्रश्न डोक्यात येत होते आणि विरत होते.

"बाबा, तोंड मिटा," मुलगी म्हणाली.

तिने मला त्यात बसवलं. आई आणि बायको खाली बाकावर. वर चढताना मी दांडा धरून किमतीचा हिशेब करत होतो, इतक्या रुपयांत इतकी मिनिटं. टोकाला पोचलो तेव्हा सगळा मुलूख खाली पसरलेला दिसला, डोंगर, रस्ते, शेतांच्या पिवळ्या चौकटी, आणि हिशेब सुटला. पुढे काय झालं ते मला सलग आठवत नाही. खाली उतरलो. आईने विचारलं, "कसं वाटलं रे?" मी म्हटलं, "आंजर्ल्याला कड्यावरून खाली बघितलं की पोटात होतं ना, तसं. पण तिथून आपल्याला कोणी ढकलत नाही." आई म्हणाली, "तिथे गणपती आहे धरायला."

आत पाणी आणि चहाला सहाशे चाळीस रुपये गेले. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणजे डबा बांधला असता तरी तो गाडीतच राहिला असता. हे कळल्यावर बायकोने माझ्याकडे बघितलं.

दीड वाजता पार्कमधल्याच बुफेला जेवायला गेलो. माणशी साडेसहाशे, चौघांचे कर धरून दोन हजार सातशे तीस. पावती घेऊन आत शिरलो आणि परत माझी मान वर झाली. एस.टी. स्टँडएवढं दालन. आमच्या गावची सगळी वस्ती एका पंगतीला बसली असती आणि तरी जागा उरली असती. भाताची घमेली, पंधरा-वीस तऱ्हेच्या भाज्या, मिठायांच्या उतरंडी, आणि एक घमेलं रिकामं व्हायच्या आत दुसरं येऊन बसत होतं. बायकोसुद्धा थांबली. रोज तीस माणसांचं करणारी बाई ती. "हे कोण करत असेल हो?" ती हळू आवाजात म्हणाली. "किती वाजता उठत असतील?"

आम्ही ताटं घेतली, आईला टेबलाशी बसवलं. मी तिचं ताट वाढून आणलं, माझं आणलं, खायला लागलो. मुलगीही आली. बायको येईना.

वळून बघितलं तर ती भाताच्या घमेल्यामागे उभी होती. हातात डाव. समोर ताट घेतलेले एक आजोबा होते, त्यांचा हात थरथरत होता, म्हणून तिने त्यांना भात वाढला. त्यांच्या मागच्या बाईंनी ताट पुढे केलं. त्यांना वाढला. मागच्या पोरांनी रांगच धरली. तिच्या अंगावर साधी निळी साडी, वाढण्याचा हात सराईत. लोकांना वाटलं ही इथलीच. एक जण म्हणाला, "ताई, वरण पण द्या." तिने वरण दिलं. कोणाला किती भात लागेल ते ती माणसाकडे बघून ठरवत होती, घरी ठरवते तसंच.

मुलगी धावत गेली. "आई, काय करतेस तू?"

"अगं, भांडं उघडं आणि माणूस ताट घेऊन समोर. हात थांबतो का?"

"आपण पैसे दिलेत. तू जेव."

ती आली तेव्हा तिचं स्वतःचं ताट, जे तिने आधी भरून बाजूला ठेवलं होतं, गार झालं होतं. वरणावर साय आली होती. "चालतं, चालतं," असं म्हणत ती घरी जेवते तशीच भराभर जेवली, डोळे त्या घमेल्यांकडे.

आई सगळं बघत होती. "साडेसहाशे रुपये देऊन सेवा करून आली," ती म्हणाली. मुलगी हसली, बायकोही हसली. मला हसू येईना. त्या दालनाने मी भारावलो होतो हे खरं, पण ज्यासाठी पैसे मोजले तेच झालं नव्हतं. बाहेर खाणं परवडतं का, असं मला कोणी त्या वेळी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. जिथे आपलं आपण वाढून घ्यायचं, तिथे तिच्यासारखी बाई दुसऱ्यांनाही वाढणार. साडेसहाशे रुपयांत तिला मिळालं काय, तर मोठं भांडं.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा पार्क पुन्हा नवं झालं. सगळे रूळ दिव्यांनी काढल्यासारखे काळोखात उभे राहिले. आई बाकावर बसून बघत होती. मग म्हणाली, "बिल केवढं येत असेल रे?" मी म्हटलं, "मीही तोच विचार करत होतो."

रात्रीच्या जेवणाचं ठरलं होतं की बाहेर रस्त्यावर पावभाजी खायची. खाण्यातले दोनेक हजार रुपये उरत होते आणि दुसऱ्या दिवशीचा रस्ता बाकी होता. पण पार्कला लागूनच असलेल्या हॉटेलच्या दारात फळा होता: मासे थाळी, तांदळाची भाकरी, टेबलावर वाढप. सातशे रुपये. सात वाजत आले होते. मी फळ्यासमोर उभा राहिलो.

"मी अडीअडचणीच्या पैशाला हात लावतो," मी म्हटलं.

"का रे, कोण आजारी पडलं?" आईने विचारलं.

"कोणी नाही. हीच अडचण आहे."

बायको म्हणाली, "अहो, कशाला? सातशेची सुरमई? आपण साडेतीनशेला देतो."

"ती तू करतेस. ही तू करायची नाहीस."

आत कोपऱ्यात एक टेबल होतं, एक बाजू भिंतीला टेकलेली. बायको सवयीने बाहेरच्या खुर्चीवर बसायला गेली, उठायला सोपी अशी. आईने तिचा दंड धरला.

"तू आत बस. भिंतीकडे."

"आई, तुम्ही बसा ना आत, तुम्हाला टेकायला बरं."

"मला टेकायचं नाही. तू बस. उठायचं झालं तर आधी मला उठवावं लागेल, आणि मी काय उठत नाही."

ती आत जाऊन बसली. आई तिच्या शेजारी बसली, आणि पदर सारखा करून घेतला, दार लावून घ्यावं तसा. याच आईला तेवीस वर्षं तव्यावरची पहिली भाकरी मिळत आली आहे. तिने हे कधी मोजलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

थाळ्या आल्या. सुरमई बघून आईने नाक मुरडलं. "हिला मरून महिना झाला." बायकोने तुकडा मोडून बघितला. "पंधरा दिवस," ती म्हणाली. सोलकढी मात्र दोघींनी पास केली.

मग वाढप्या भाकरी घेऊन आला. दालनाच्या टोकाला काच होती, काचेमागे एक बाई भाकऱ्या थापत होत्या. तिथून चिमट्यात धरून त्याने ती आणली आणि बायकोच्या ताटात टाकली. टम्म फुगलेली, कडेच्या एका भोकातून वाफ निघत होती. बायको ती मोडायला गेली आणि तिने बोटं मागे घेतली. चटका बसला होता. हजारो भाकऱ्या तव्यावर उलटणाऱ्या त्या बोटांना ताटातली भाकरी पोळली. ती बोटांकडे बघत राहिली, मग हसली, आणि फुंकर घालून पहिला घास घेतला.

पार्कमध्ये मी मान वर करून पुष्कळ पाहिलं होतं. इथे मान वर करावी लागत नव्हती. तेवीस वर्षं रोज जिच्या हातचं जेवतो ती जेवताना कशी दिसते, हे मी पहिल्यांदा बघत होतो. ती सावकाश जेवते. मला वाटायचं ती भराभर जेवणारी आहे. घास घेतला की ती थोडी मान कलती करते, जणू दुरून काही ऐकू येतंय. कालवण बोटाने पुसून घेते. मुलगी तिचं काहीतरी सांगत होती, तीही थांबली. आम्ही तिघं जेवण सोडून तिच्याकडे बघत होतो. 

वाढप्या परत आला. "ताई, गरम आणू अजून?"

तिने वळून मागे बघितलं. मागे भिंत होती.

"तुलाच विचारतोय गो," आई म्हणाली.

"आणा," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने पुन्हा, "आणा." घरी ती दोन खाते. इथे तिने चार खाल्ल्या. एकदा तिचा हात आईच्या रिकाम्या वाटीकडे गेला. आईने वाटी उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली.

बिल दोन हजार नऊशे चाळीस झालं. मी ते दोनदा तपासलं, बरोबर होतं, आणि दिलं. आता मला कोणी विचारलं तर मी सांगेन: बाहेर खाणं परवडतं का हे थाळीच्या किमतीवरून ठरत नाही. दुपारचे पैसे वाया गेले असं मी अजूनही म्हणतो. रात्रीचे महाग होते, मासा शिळा होता, आणि त्यातला एक रुपयाही मला परत नकोय.

निघताना बायको काचेपाशी थांबली. आत त्या बाई अजून थापत होत्या. बाजूच्या दारातून बायकोने त्यांना विचारलं, "तुम्ही जेवलात?"

"नाही हो. बंद झाल्यावर. शेवटच्या असतात ना दोन-तीन."

बायकोने पर्स उघडली. त्या बाई पिठाचे हात मागे घेत म्हणाल्या, "नको, नको. माझ्या जेवणाचे कशाला?"

"तुमच्या जेवणाचे नाहीत. माझ्या जेवणाचे आहेत."

साडेतीनशे रुपये होते, तिच्या स्वतःच्या थाळीचा दर. हात पिठाचे म्हणून तिने ते त्यांच्या अ‍ॅप्रनच्या खिशात घातले. त्या दिवशी दिलेले शेवटचे पैसे ते, भाकऱ्या करणाऱ्या बाईंना. माझ्या अठ्ठावीस हजारांत ते धरलेले नाहीत.