रविवारी कधीच न पडणारा कॉम्प्युटर

"सर, पुन्हा गेला."

गुरुवार, सकाळचे साडेदहा. दुकानाचं शटर मी नुकतंच वर केलं होतं. फोनवर सुजाता होती. या पंधरवड्यातला हा तिचा सातवा फोन.

"स्क्रीन काळी?"

"काळी. मग आपोआप चालू. रेंडर परत शून्यावर."

मी श्रीवर्धनला तेवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतो. सुरुवातीला क्लासही घ्यायचो, म्हणून अर्धा गाव मला 'सर' म्हणतं. सुजाताही माझ्या क्लासला होती. पुढे ती नवी मुंबईत एका ऑफिसात लागली. इमारत बांधायच्या आधीच ती आतून-बाहेरून कशी दिसेल याची फिल्म बनवायची, हे तिचं काम. वर्षापूर्वी तिच्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आला. त्यांना उठवणं-बसवणं एकट्या आईला जमेना. सुजाता नोकरी सोडून घरी आली.

त्याच ऑफिसनं तिला घरून काम करायची एक संधी दिली होती. एक महिना बघू, म्हणाले. फिल्म वेळेवर आल्या तर काम कायम, नाहीतर परत नवी मुंबई. पहिल्या दोन फिल्म उशिरा गेल्या होत्या. तिसरी या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायची होती. ही शेवटची, असं साहेबानं स्पष्ट सांगितलं होतं.

या कामासाठीच तिनं नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. कॉम्प्युटरच्या मुख्य मेंदूला चित्रं रंगवायचा कंटाळा असतो. म्हणून चित्रांसाठी वेगळा मेंदू बसवतात, तेच हे कार्ड. हजारो चित्रं एकामागोमाग रंगवून त्यांची फिल्म करणं म्हणजे रेंडर. तेव्हा हे कार्ड जीव खाऊन काम करतं आणि वीजही तशीच खातं. कार्ड मी मागवलं, मीच बसवलं. त्यामुळे बंद पडलं की फोन मलाच येणार, हे ओघानं आलंच.

आत्तापर्यंत मी काय काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा ड्रायव्हर बदलला. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषी. फरक नाही. मग तिचा जुना यूपीएस बाजूला काढला, कारण नव्या कार्डाचं ओझं त्याला पेलेना, सारखा टीं टीं ओरडायचा. फरक नाही. मग एसएमपीएस बदलला. भिंतीतली वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा तो डबा. चांगला, दणकट घातला. तरी फरक नाही.

दुकान रविवारी बंद असतं म्हणून मी तिच्या घरी रविवारी जायचो. दोन रविवार गेलो. दोन्ही वेळा रेंडर लावून चार-चार तास बसलो, चहा प्यालो, आंबोळ्या खाल्ल्या. कॉम्प्युटर ढिम्म हलला नाही. सॉकेटला मल्टिमीटर लावला, व्होल्टेज दोनशे बावीस. सोमवारी सकाळी परत फोन, "सर, गेला." मग मशीन दुकानात आणलं. मंगळवार-बुधवार, दोन दिवस तुफान चालवलं. एकदाही पडलं नाही. तिच्या घरी नेलं की पडलं.

रात्री चालतं, दिवसा पडतं, असंही ती म्हणाली होती. मी म्हटलं, उन्हाळा आहे, तापत असेल. टेबलफॅन लावायला सांगितला. पंख्यासकट पडलं.

मी असतो तेव्हा चालतं आणि मी नसतो तेव्हा पडतं, म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात एकच येतं. गिऱ्हाइकाची चूक. आणि मी ते बोलूनही गेलो.

"सुजाता, खरं सांग. सॉफ्टवेअर कुठून घेतलंस? चोरीचं असेल तर मी काय कपाळ करणार?"

ती म्हणाली, "सर, विकतचं आहे. बिल पाठवू का? तुम्ही फक्त एकदा रविवार सोडून या."

मला राग आला. तिचा नाही, कारण ती बरोबर होती. शटर ओढलं, स्कूटर काढली.

सुजाताचं घर गावाबाहेर, सुपारीच्या वाड्यांमधल्या गल्लीत, अगदी शेवटी. विजेचा शेवटचा खांबही तिथेच. समोरच्या खोलीत अण्णा पलंगावर, खिडकीपाशी कॉम्प्युटर. अण्णांना बोलता नीट येत नाही, पण नजर सगळीकडे असते. मला बघून त्यांनी डावा हात उचलला.

सुजातानं रेंडर लावला आणि माझ्यापुढे एक वही ठेवली. प्रत्येक वेळी मशीन पडलं ती तारीख, वार, वेळ. नीट रेघा मारून. ही वही तिनं मला आधीही दाखवली होती, रविवारी. मी तेव्हा "बरं, बरं" म्हणून बाजूला सारली होती.

आता वाचली. सोमवार सव्वादहा. सोमवार अकरा पाच. सोमवार बारा. मंगळवार चार. मंगळवार पावणेपाच. बुधवार सात. काही धड मेळ लागेना. एकच गोष्ट ठळक होती, रविवार कोरे.

आईनं चहा आणून ठेवला. "घ्या सर. मी जरा मोटर लावून येते, मघाचं पाणी संपलं."

मी कप तोंडाला लावला. स्क्रीन काळी झाली.

पंखे थांबले, परत सुरू झाले. खोलीतला दिवा मात्र जसाच्या तसा. हे एलईडी दिवे फार सोशीक असतात, व्होल्टेज निम्म्यावर आलं तरी चेहऱ्यावर दाखवत नाहीत. जुना पिवळा बल्ब असता तर त्यानं पहिल्याच दिवशी मिणमिणून चुगली केली असती.

"ताई!" मी मागच्या दारातून ओरडलो. "आता काय केलंत?"

"काय केलं? मोटर लावली."

"बंद करा. आणि मी हाक मारली की परत लावा."

सॉकेटला मल्टिमीटर लावला. दोनशे पंधरा. हाक मारली. वाडीत मोटर घुर्र झाली आणि मीटरवरचा आकडा धाडकन दीडशेच्याही खाली जाऊन वर आला. पापणी लवेपर्यंतचा खेळ. मोटर सुरू होताना एक मोठा घोट वीज ओढते, एकदा फिरायला लागली की शांत होते. यांचं घर शेवटच्या खांबाला, तारा जुन्या, मग त्या घोटात बाकीच्यांचा घसा कोरडा पडतो. साधं टायपिंग चालू असतं तर कॉम्प्युटरनं तेवढं सोसलं असतं. पण रेंडरच्या वेळी त्याचंही ओझं पूर्ण भरलेलं. दोन्ही एकदम आलं की पडला.

काखेत कळसा आणि मी दोन आठवडे गावाला वळसा घालत होतो.

आई पदराला हात पुसत आत आली. मी वही तिच्यापुढे धरली. तिनं चष्मा लावला, पहिल्या पानावरून बोट फिरवलं.

"अगो बाई! हे तर विहिरीचे वार."

तिनं मग समजावून सांगितलं. विहीर एक, मोटर एक, वाड्या तीन. सोमवार-गुरुवार यांचा. मंगळवार-शुक्रवार शेजारच्या दिलीपभाऊंचा. बुधवार-शनिवार पलीकडच्या घराचा. रविवारी विहिरीला विश्रांती. आजोबांच्या काळी पाण्यावरून भांडण होऊन डोकी फुटली होती, तेव्हा हे वार ठरले. तेव्हापासून कोणी कोणाचा वार मागत नाही आणि देत नाही. उन्हाळ्यात विहिरीला पाणी कमी. अर्धा तास मोटर चालली की तळ दिसतो. मग थांबायचं, झरा भरू द्यायचा, परत लावायची. म्हणजे दिवसाला सात-आठ वेळा.

बोलता बोलता ती थांबली. "म्हणजे सोमवारी-गुरुवारी मीच पाडत होते होय गो तुझं काम?"

"आई, तुला काय माहीत असणार?"

"तू तिथे डोकं धरून बसलेली आणि मी आपली पाणी सोडतेय..." तिचे डोळे भरले. अण्णांनी पलंगावरून काहीतरी आवाज केला. तो हसण्याचा होता. मग ती पण हसली, डोळे पुसत.

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "सुजाता, चोरीचं सॉफ्टवेअर म्हणालो, ते चुकलं माझं."

"असू दे सर. उद्याचं काय करायचं ते सांगा."

हाच खरा प्रश्न होता. याला औषध म्हणजे मोठा यूपीएस, वीज घसरली की बॅटरीवर सांभाळून घेणारा. तो पनवेलहून यायचा, सोमवारच्या आत नाही. फिल्ममधले शेवटचे बदल साहेब उद्या सकाळी नऊला कळवणार, रेंडरला सात तास, पाचला पाठवायची. रात्रीचा उपयोग नाही. आणि उद्या शुक्रवार, दिलीपभाऊंचा वार.

आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. दिलीपभाऊ साठीचे, हाडकुळे, सुपाऱ्या कातरत बसलेले. आईनं सगळं सांगितलं. "भावजी, उद्याच्या बदल्यात आमचा सोमवार घ्या."

"न्हाय वयनी. वार बदलायचा न्हाय."

"एक दिवस..."

"आज एक दिवस, उद्या दुसरा मागंल. आणि माजी रोपं हायेत ह्या वर्षाची. उद्या पाणी न्हाय मिळालं तर सोमवारपत्तूर जळतील."

रोपं समोरच दिसत होती, हातभर उंचीची, माडाच्या झावळ्यांच्या सावलीत. त्यांचंही खरं होतं. सुजाता खाली बघत उभी राहिली. मला तिचा पडलेला चेहरा बघवेना. मी उगाच शास्त्र सुरू केलं, मोटर चालण्याचा त्रास नाही भाऊ, सुरू होण्याचा त्रास आहे, एकदा सुरू झाली की...

दिलीपभाऊंचा अडकित्ता थांबला. "म्हंजे चालू ऱ्हायली तर चालंल?"

"चालू राहिली तर चालेल. पण पाणी संपतं ना अर्ध्या तासात?"

"संपतं, कारण आमी वॉल पुरा उघडतो. घाई असते सगल्यांना." ते उठले. "वॉल आवळला की पाणी बारीक येतं. झरा जेवढं देतो तेवढंच मोटर घेते. मग थांबवायची गरजच न्हाय. आठला लावतो, पाचला बंद. वार माजाच, पाणी माज्याच रोपांना."

तेवीस वर्षं विजेच्या वस्तू उघडतोय मी. हे मला सुचलं नव्हतं.

"मग रोज असंच का नाही करत?" मी विचारलं.

"दिवसभर बसून कोन ऱ्हाणार? पाणी उतरलं आणि मोटरीनं हवा घेतली तर ती जळंल. नजर ठेवावी लागते."

"मग उद्या?"

"उद्या मी बसतो." मग आईकडे बघून म्हणाले, "उपकार न्हाय हो वयनी. ही गेली नवी मुंबईला, तर अण्णाला उचलायला रोज तुमी मलाच हाक माराल. माजी कंबर गेलेली हाय."

शुक्रवारी मी दुकान उघडलंच नाही. आठला मोटर लागली. नवाला बदल आले, साडेनवाला रेंडर सुरू. मीटर सॉकेटला लावलेलाच होता. दोनशे चार, दोनशे पाच, दोनशे चार. दर तासाला मी मागच्या दारातून डोकावायचो. दिलीपभाऊ विहिरीच्या काठावर, डोक्याला टॉवेल, हातात दोरीला बांधलेला दगड. तो खाली सोडून पाणी किती आहे ते बघायचे आणि वॉल किंचित पिळायचे. दुपारी आईनं त्यांचं ताट तिथेच नेऊन दिलं. ते उठले नाहीत.

चार पस्तीसला रेंडर संपला. चार पन्नासला फिल्म गेली. सुजातानं वडिलांचा हात धरला आणि ती रडली. मी मीटरच्या वायरी गुंडाळत बसलो, कारण नाहीतर माझंही अवघड होतं.

पाचला विहिरीकडून आवाज आला, "झालं काय गो पोरी? बंद करू?"

"झालं काका! करा!"

मोटर थांबली.

सोमवारी यूपीएस आला, बसवला. काम कायम झालं. सुजाता इथेच आहे, दिलीपभाऊंच्या कंबरेला आराम आहे.

कार्डात दोष नव्हता, ड्रायव्हरमध्ये नव्हता, एसएमपीएसमध्ये नव्हता. त्या घरात मी किती कप चहा प्यालो, पण चहा देणारीला एक प्रश्न विचारला नाही. आता दुरुस्तीच्या कागदावर मी सगळ्यात वर एक ओळ छापून घेतली आहे : 'घरात आणखी कोण असतं, आणि ते दिवसभर काय करतं?' गिऱ्हाइकं विचारतात, याचा कॉम्प्युटरशी काय संबंध? मी म्हणतो, लिहा आपलं. आणि रविवारी मी आता तपासणीला जात नाही.