गाडीतला गोड वास

अन्याय माझ्या आईवर झाला. धाकट्या मावशीचं लग्न ठरलं त्या वर्षीच्या किंक्रांतीला, सकाळी, बारामतीतल्या एका गॅरेजसमोर. मी मागच्या सीटवरून तो पाहिला.

दर रविवारी आम्ही आमच्या जुन्या गाडीतून निरवांगीला जायचो. तिथं आबा, आईचे वडील, अंथरुणाला खिळलेले. आठवड्यातून तेवढं एक जेवण, डबा आणि ताक, ते लेकीच्या हातचं जेवायचे.

त्या सकाळी इंजिन तापल्याचा काटा चढला म्हणून थांबलो. आई काच खाली करून म्हणाली, "मिस्त्री, गाडीत गोड वास येतोय. माझ्या पायाखालची मॅटबी वली लागतीया."

मिस्त्री वडिलांकडं बघून हसला. "साहेब, वहिनींना सांगा, कारखान्याचा हंगाम हाय. गोड न्हाय तर काय कडू वास येणार?"

"आन् मॅट?"

"ताक सांडलं असेल तुझं," वडील म्हणाले.

"सांडायला मी काय आज पहिल्यांदा ताक नेतीया?"

चहाच्या टपरीवरचे चौघे गाडीभोवती जमले. एक म्हणाला प्लग, दुसरा म्हणाला पेट्रोलच भेसळीचं. शेवटी मिस्त्रीनं निकाल दिला, "थर्मोस्टॅट काढून टाकू. इंजिन लवकर गरम करायचं, थंड मुलखाचं लाड हायेत ते." सगळ्यांनी माना डोलावल्या. खाली वाकून मॅटला हात मात्र एकानंही लावला नाही!

मला तो वास आवडायचा. बाहेर धुकं, उसाचे पांढरे तुरे, रस्त्यासोबत चाललेला कालवा, बैलगाड्यांच्या घंटा जवळ येऊन लांब जाणाऱ्या. डोळे मिटले की वाटायचं, आपली गाडी काकवीवर चालते आणि आपण कुठंच पोचणार नाही, नुसते तरंगत राहणार.

मग चैत्र आला. कारखान्याचं धुराडं गार पडलं, रानं मोकळी झाली. वास राहिलाच. सणसरच्या पुढं बॉनेटमधून वाफ उसळली आणि इंजिन बंद पडलं. कालव्यावर फक्त वारा. आई मांडीवरचा डबा धरून लांब बघत होती.

"अहो, कारखाना तर बंद झाला. मग हा वास कुणाचा?"

वडील बॉनेट उघडायला खाली उतरले.

इंजिन खोललं तेव्हा कळलं, आईच्या पायांच्या बरोबर वर बसवलेला हीटर गळत होता. इंजिन गार ठेवणारं, गोड वासाचं कूलंट थेंबथेंब तिच्या मॅटवर जात होतं. मिस्त्रीनं हेही सांगितलं ते वडिलांनाच. गाडी उन्हाळाभर गॅरेजात पडून राहिली. एसट्या बदलत आई एकदाच जाऊन आली. बाकीच्या रविवारी आबा खाट रस्त्याकडं फिरवून घ्यायचे, असं मामी सांगायची.

ज्येष्ठात गाडीनं गेलो. आबांनी आईकडं बराच वेळ पाहिलं आणि मायेनं विचारलं, "कुणाची गं तू, बाळ?"

तिनं ताकाच्या डब्याचं झाकण उघडलं.

आता वाचणाऱ्या तुम्ही उठा. गाडीत तुमच्या शेजारी बसते तिला आजच विचारा, तुला काय जाणवतंय? आणि तिचं बोलून होईपर्यंत मिस्त्रीला गप्प बसवा. स्वतःही गप्प बसा.