हाताची हाडं मला पाठ होती

पदवीनंतर तीन वर्षं मी जळगावच्या एका खासगी दवाखान्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते. अपघातातून किंवा पक्षाघातातून उठलेल्या माणसाला अंघोळ, जेवण, शिलाई, जे काही त्याचं रोजचं असेल ते पुन्हा करता यावं, हे आमचं काम. मला हातांच्या उपचारांत पुढचं शिकायचं होतं. परराज्यातल्या एका कॉलेजचा मास्टर्सचा फॉर्म मी दुपारी मोकळा वेळ मिळेल तसा भरत होते. 'हा विषय का निवडला' ते पानभर लिहायचं तेवढं राहिलं होतं.

त्याच दिवसांत एरंडोलकडची एक बाई माझ्याकडे यायची. तिशीची असेल. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलेलं. उरलेली दोन बोटं वाकवणाऱ्या कंडरा सर्जननी शिवलेल्या. केसपेपरवर लिहिलं होतं, चारा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये हात गेला. मशीनमध्ये गेलेले हात मी पाहिले होते, ते असे नसतात. हिच्या मनगटापासून कोपरापर्यंत तिरपे वार होते. अंगावर आलेलं पातं अडवताना हात पुढे होतो, तसे.

मी काही विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिनं आपणहून सांगितलं. नवऱ्यानं विळा चालवला होता. तो मानेवर मारत होता, हिनं हात मध्ये घातला. सासरच्यांनी दवाखान्यात मशीनचं नाव सांगितलं. आता ती माहेरी होती आणि तिचा भाऊ तिला बसनं घेऊन यायचा.

हातानं सगळ्यात आधी काय करता यायला हवं, हे आम्ही प्रत्येक पेशंटला विचारतो. मी तिच्या कागदावर न विचारताच 'भाकरी थापणे' लिहून टाकलं होतं. ती म्हणाली, "भाकरी ते बठ्ठ्याच बाया करतस, ताई. माले सही करनी शे." तिला पोलिसांत जबाब द्यायचा होता आणि त्याच्याखाली अंगठा लावायचा नव्हता. मी पेन्सिलीला स्पंज गुंडाळून दिला. पाचव्या आठवड्यात तिच्या नावाचं पहिलं अक्षर उमटलं.

त्याच आठवड्यात तिचा नवरा आला. भाऊ खाली चहाला गेला होता. दार उघडून तो सरळ तिच्या खुर्चीमागे गेला आणि वेणीला धरून त्यानं तिला खाली ओढलं. मी म्हटलं, "सोडा तिला." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मनी बायको शे." मग त्यानं तिचा उजवा हात टेबलावर दाबला, पट्टी उपटून काढली आणि शिवलेली दोन्ही बोटं उलटी पिरगाळली. ती ओरडली नाही. घशातून नुसता हवेचा आवाज आला.

माझ्या हाताशी व्यायामाचं लोखंडी डंबेल होतं. पहिला फटका मी त्याच्या खांद्यावर मारला. तो वळला, त्यानं माझ्या तोंडावर ठोसा मारला, माझा ओठ फाटला. दुसरा फटका त्याच्या कानावर बसला आणि तो गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. तिथं ते संपलं होतं. पण त्याचा उजवा पंजा फरशीवर उघडा पडला होता. हाताची हाडं मला पाठ होती. कुठं मारलं की मूठ पुन्हा नीट वळत नाही, हे मला ठाऊक होतं. तिथंच मी मारलं. तीनदा. तिसऱ्या वेळी आवाज वेगळा आला. मग तिच्या भावानं मला मागून धरलं.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी नवऱ्याच्या केसपेपरवर लिहिलं, झटापटीत पडून हाताला मार. मला म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका." मी बोलले नाही. दवाखान्यात आलेल्या हवालदारांना तिनं नवऱ्याचं सगळं तिथंच सांगितलं. तिच्या कंडरा पुन्हा तुटल्या होत्या, दुसरं ऑपरेशन लागणार होतं. जबाबाखाली तिनं डाव्या हातानं सही केली. त्याला बराच वेळ लागला, हवालदार थांबले.

फॉर्मचं राहिलेलं पान मी त्या आठवड्यात लिहिलं. त्यात सेवाभाव होता, ग्रामीण भागाची गरज होती, डंबेल नव्हतं. शिफारसपत्र देणाऱ्या माझ्या जुन्या मॅडमना मी फोनवर सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "हे लिहू नकोस. घेणार नाहीत." त्या कॉलेजनं तसंही घेतलं नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजसाठी लिहिताना पहिलंच वाक्य लिहिलं, मी एका माणसाचा हात मुद्दाम मोडला आहे. ऑनलाइन मुलाखतीत तिघं होते. वयानं मोठ्या बाईंनी विचारलं, "तो माणूस उपचाराला तुमच्याकडे आला असता तर?"

"दुसरीकडे पाठवलं असतं."

"आणि पुन्हा असा प्रसंग आला तर?"

"तिला सोडवीपर्यंत मारीन. खाली पडल्यावर थांबेन असं वाटतं. खात्री देता येत नाही."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी प्रवेशाचा मेल आला. मला आनंद झाला, पण नुसता आनंद नव्हता. कारण तो हात आजही मोडलेलाच असणार, आणि ते मी सांगितल्यामुळेच मला घेतलं असेल तर त्याचं काय करायचं, हे मला कळत नव्हतं.

दुसऱ्या ऑपरेशननंतर ती अजून माझ्याकडेच येत होती. मी तिला सांगितलं, दोन वर्षांसाठी जाते आहे. तिनं आधी हिशेब केल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग मना हात कोन देखी?"

माझ्या जागी येणारी मुलगी त्याच दिवशी रुजू झाली होती. मी तिला आत बोलावलं आणि दोघींची ओळख करून दिली.