भाऊरावांचा होकार

सरोजिनी नगरच्या क्वार्टरला दाराशी तीन पायऱ्या. शुक्रवारी दुपारी दोनला उन्नतीचे वडील, अशोकराव, दवाखान्यातून चाकाच्या खुर्चीवर घरी यायचे होते. त्यांनी बजावलं होतं, "मला पोत्यासारखं उचलायचं नाही. माझा मी आत येईन."

पायऱ्यांवर लोखंडी उतार बसवून द्यायला ठेकेदार तीन आठवडे 'कल पक्का, मॅडम' म्हणत होता. शेवटी बुद्धविहारातल्या कुणीतरी भाऊरावांचं नाव सुचवलं. फरीदाबादच्या कारखान्यात चौतीस वर्षं वेल्डिंग करून निवृत्त झालेले. सोमवारी ते मेट्रोने आले.

"काका, शुक्रवारपर्यंत उतार होईल ना?"

"आत्ता कसं सांगू?"

उन्नतीला नवल वाटलं. दिल्लीत होकार तर फुकट मिळतो.

भाऊरावांनी मोजायचा टेप लावला. पायऱ्यांवर दोन फळ्या टाकल्या, बाबांसाठी आणलेली खुर्ची मागवून स्वतः बसले आणि चाकं रेटली. अर्ध्यावर खुर्ची मागे घसरली.

"अरे देवा! लागलं का?"

"मला नाही. बाबांना लागलं असतं. त्यांच्या हातात जोर किती?"

"डाव्यात कमी."

त्यांनी डावा हात ढिला ठेवून पुन्हा रेटलं. पुन्हा घसरले.

"काका, एवढं सगळं हो म्हणायच्या आधी?"

"मग कधी? हो म्हटल्यावर माणूस निमित्तं शोधतो."

उतार अठरा फूट हवा होता. सरळ नेला तर रस्त्यावर जाणार. म्हणून मध्ये सपाट जागा, तिथून वळण. कागदावर रेघा ओढून झाल्यावर ते म्हणाले, "शुक्रवारी दोन. मधे फोन करू नका, हात अडकतो."

गुरुवारी तिने तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला.

शुक्रवारी अकराला टेम्पो आला. दीडला उतार बसला. भाऊराव खुर्चीत बसून वर निघाले आणि वळणावर चाक कठड्याला घासलं. त्यांनी कठडा घासायला ग्राइंडर काढला.

दोनला ॲम्ब्युलन्स उभी राहिली. ठिणग्या उडतच होत्या.

"दोन म्हणालो होतो. चुकलो," भाऊराव अशोकरावांना म्हणाले. "दहा मिनिटं बसा."

"चालतं हो काका, दहा मिनिटं काय!" उन्नती म्हणाली.

"तू गप," अशोकराव म्हणाले. "त्यांना करू दे."

बारा मिनिटं लागली. अशोकरावांनी चाकं धरली. वळणावर थांबले, धापा टाकू लागले. उन्नतीचे हात पुढे झाले.

"हात मागे."

पुढची चाकं उंबऱ्यावर टेकली, मागची चढली. आतून बाबांचा आवाज आला, "उन्नती, त्या माणसाला चहा कोण देणार?"