फुरशाचा फोटो

मी मुळात भित्रा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण रानात कॅमेरा घेऊन हिंडणारा म्हटला की लोकांना तो छातीचा माणूस वाटतो. आरे-वारेच्या कड्यावर समुद्रगरुडाचं घरटं टिपायला गेलो होतो, तेव्हा गरुड डोक्यावरून एकदाच घिरटी घालून गेला आणि मी तिपाईला मिठी मारून खाली बसलो. पोटापाण्याचा धंदा लग्नमुंजींच्या फोटोंचा, रत्नागिरीत बाजाराच्या टोकाला लहानसं दुकान. पण दसरा झाला, सड्यावरचं, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या कातळमाळावरचं, गवत पिवळं पडू लागलं आणि उन्हाला ती स्वच्छ धार आली की मला दुकानात करमत नसे.

एकोणीसशे तिसाच्या सुमाराला, अशाच एका आश्विनात, गावातले एक डॉक्टर दुकानात आले. त्यांना फुरशाचा, त्या विषारी सापाचा, फोटो हवा होता. गवत कापायला माणसं सड्यावर जायची ती ह्याच दिवसांत, आणि फुरसं चावलेली माणसं डॉक्टरांकडे यायची तीही ह्याच दिवसांत. शाळाशाळांतून फोटो दाखवला तर पोरं निदान ओळखतील तरी, असं त्यांचं म्हणणं. मेलेलं नको, मेलं की ते कुठल्याही दोरीसारखं दिसतं, म्हणाले. नाही म्हणायचं धैर्य भित्र्या माणसाकडे नसतं. मी हो म्हणालो.

घरी हे सांगितलं तर बायकोचं तोंड पांढरं पडलं. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. तिच्या माहेरी तिची काकू कलमांच्या बागेत फुरसं चावून गेली होती. एका दिवसात नाही, हिरड्यांतून रक्त येत येत, आठवडाभर. लहान असताना हिने ते सगळं दाराआडून पाहिलेलं. तेव्हापासून ही अंगणात पडलेला सुंभाचा तुकडासुद्धा आधी काठीने ढोसायची.

"मी येत्ये," ती म्हणाली.

"तू? तुला तर सुंभाची भीती वाटते."

"तुम्ही त्या कापडात डोकं घालणार. मग आजूबाजूला कोण बघणार?"

आई कुरकुरली. सुनेला घेऊन सड्यावर चाललास, लोक काय म्हणतील? पण हिने पदर खोचला तो खोचलाच. शेजारच्यांनी ‘नवराबायको फुरशाचं केळवण करायला चालली’ म्हणून आमची थट्टा केली. मला हसू आलं नाही.

त्या कापडाविषयी सांगायला हवं. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी खोकं. मागच्या दुधी काचेवर चित्र उमटायचं, ते दिसायला डोक्यावर काळं कापड घ्यावं लागे. माझं जुनं कापड विरून त्यातून उजेड यायला लागला होता. हिच्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा खिळ्याला अडकून फाटली, तेव्हा तिचाच चांगला भाग दुपदरी करून हिने मला नवं कापड शिवून दिलं. तीन बाजूंनी शिवण, चौथी बाजू उघडी. आत काळोख असा की आपला हात दिसू नये.

सड्यावर एक सोडून दिलेली चिऱ्यांची खाण होती. सकाळच्या कोवळ्या उन्हाला फुरशी तिथे येतात असं ऐकलं होतं. आली होती. निदान एक तरी. काठावरच्या एका तुटक्या चिऱ्यावर, आठाच्या आकड्यासारखं वळून बसलेलं, हातभरसुद्धा नाही. एवढासा जीव, पण मी जागीच थांबलो. हिने माझा सदरा मागून घट्ट धरला होता.

मी तिपाई रोवली, कापडात शिरलो. दुधी काचेवर चित्र उलटं दिसतं. फुरसं आभाळाला चिकटून खाली लोंबतंय असं दिसलं आणि मी बाहेर आलो. शिवाय ते फार लहान येत होतं. आणखी जवळ जायला हवं होतं. मग कापड काढून खाणीच्या कडेला टाकलं आणि तिपाई उचलून वीत वीत पुढे सरकवायला लागलो. त्यात बराच वेळ गेला. ऊन चढलं, कातळ तापला. आम्हा दोघांचे चार डोळे त्या एका फुरशावर. कापडाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

तिपाई नीट बसली तसं मी कापड उचलून पुन्हा डोक्यावर घेतलं. चित्र छान मोठं आलं होतं. फुरशाच्या डोक्यावरची बाणासारखी खूणसुद्धा दिसत होती.

मग आवाज आला. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. फुरसं चिडलं की अंगाला अंग घासून असा आवाज काढतं, हे ठाऊक होतं. पण काचेवरचं फुरसं हलत नव्हतं. आवाज माझ्या कानामागून येत होता. आणि डाव्या खांद्यावर, कापडाच्या दोन पदरांच्या मधे, काहीतरी सरकलं.

ऊन चुकवायला ते सावलीत शिरलं होतं. सड्यावर तेवढीच सावली होती, आणि ती मीच टाकली होती.

मला ओरडायचं होतं. कापड भिरकावून पळावं असं सगळं अंग सांगत होतं, आणि तसं केलं तर ते कुठे पडेल हेही कळत होतं. माझ्या मानेच्या आणि त्याच्या मधे एका जुन्या लुगड्याचा एक पदर. घाम डोळ्यांत उतरला. काचेवर ते चिऱ्यावरचं फुरसं उलटं लोंबत होतं. मी मनात काकूच्या हिरड्या बघत होतो.

"हलू नका," हिचा आवाज आला. अगदी घरातला, दूध उतू जातंय म्हणून सांगावं तसा. "मला दिसतंय. श्वास घ्या, पण हळू."

तिची पावलं मागे आली. कापड दोन्ही टोकांना ताठ झालं, आणि माझ्या डोक्यावरून सरळ वर उचललं गेलं. उजेड डोळ्यांत घुसला. मी वळलो तेव्हा ती हात लांब धरून, कापडाची झोळी करून खाणीच्या दुसऱ्या कडेला चालली होती. झोळीतून तो आवाज येतच होता. तिने ती कडेवरून खाली सोडली. मग जागच्या जागी बसली आणि तिचे दात वाजायला लागले. अंगावर माझा कोट घातला तरी थांबेनात.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "ते अजून बसलंय तिथेच. फोटो काढा. मी परत येणार नाही इथे."

माझा कोट डोक्यावर घेऊन मी फोटो काढला. प्लेट बरी निघाली. डॉक्टर खूश झाले. आईला आम्ही दोघांनी काहीच सांगितलं नाही. कापड मी दुसऱ्या दिवशी दोन माणसं बरोबर घेऊन, लांब काठीने वर काढून आणलं. हिने ते उकळत्या पाण्यात घातलं आणि उघडी बाजू शिवून टाकली.

पुढे कितीतरी वर्षं तेच कापड दुकानात होतं. ही दुकानात असली की ते माझ्या हाती आधी येतच नसे. ती ते झटके, उलटसुलट करी, आणि मग स्वतःच्या डोक्यावर खांद्यापर्यंत ओढून क्षणभर उभी राही. फोटोला बसलेली नवरानवरी हसू दाबत. एकदा मी वैतागून म्हटलं, "आता तर शिवलेलं आहे. झटकून बघितलंस ना, मग डोक्यावर कशाला?"

"झटकून पडलं नाही तर?" ती म्हणाली. आणि कापड डोक्यावर ओढून घेतलं.

तेव्हापासून ती कापडात असायची तेवढा वेळ मी बाहेर उभा राहायचो, कान देऊन. सड्यावर तिला काय वाटलं असेल ते मला असं रोज थोडं थोडं कळायचं.