नको असेल त्यानं घरी येऊन सांगावं

आमच्या हिच्या मामांनी आयुष्यात फक्त स्वतःसाठी म्हणून एखादी वस्तू विकत घेतली असेल, तर ती त्यांनी साऱ्या गावापासून लपवून ठेवली असली पाहिजे. मला तरी तशी एकही वस्तू त्यांच्या घरात कधी दिसली नाही. चपला घेतल्या तर भावकीतल्या सगळ्या पुरुषांसाठी, छत्र्या घेतल्या तर अख्ख्या गल्लीसाठी, आणि एकदा पाठदुखीवरचं तेल आणायला म्हणून हुबळीला गेले ते ज्यांची पाठ अजून दुखायची होती त्यांच्यासाठीही घेऊन आले. अळणावरच्या रस्त्याला, धारवाडपासून बसनं तासाभरावर त्यांचं गाव. थोडी भातशेती, दोन म्हशी आणि रस्त्याकडे तोंड केलेला एक ऐसपैस कट्टा. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. हिची आई लवकर गेली, म्हणून ही त्यांच्याकडेच वाढली, आणि त्यामुळे मी त्या घरचा जावई. धारवाडच्या शाळेत मास्तर असल्यानं आणि माझं कानडी अक्षर बरं असल्यानं मी मामांचा बिनपगारी कारकूनही झालो. जावयाचा मान जेवण होईपर्यंत असे. हात धुऊन आलो की पाटाच्या जागी कागद मांडलेला असे.

"एकटा माणूस दुकानात गेला तर दुकानदार मान बी वर करत न्हाई, जावईबापू," मामा सांगत. "गावासाठी घ्यायचं हाय म्हणा, खुर्ची आणतोय की न्हाई बघा." खुर्ची खरोखरच यायची. जुन्या हुबळीतल्या ज्या गल्लीत समोरून सायकल आली तर माणसानं दुकानात शिरावं लागतं, तिथं भर रस्त्यात मामा खुर्चीवर बसून चहा पीत असत आणि पिशव्या धरून मी मागे उभा असे. खुर्ची एकच यायची.

गावाच्या वतीनं घ्यायचं तर आधी गावाला विचारायला हवं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. मामांना वाटत नसे. विचारलं की माणूस विचार करत बसतो आणि तोवर बाजार उठतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यावर त्यांनी एक सुटसुटीत तोड काढली होती. घ्यायच्या वस्तूचं नाव लिहून खाली गावातल्या झाडून सगळ्या घरांची यादी करायची, ती देवळाच्या भिंतीला डकवायची आणि शेवटी एक ओळ लिहायची : 'नको असेल त्यानं घरी येऊन सांगावं.' जो आला नाही तो आपोआप आत. वाचायला ही लोकशाही वाटते. पण नको म्हणायला जायचं तर मामांच्या घरी जायचं, म्हणजे मामींच्या हातचा चहा घ्यायचा, मग मामा तुमच्या वासराच्या तब्येतीपासून मेव्हण्याच्या बदलीपर्यंत सारी चौकशी करणार, आणि एवढं झाल्यावर त्या माणसाला नको म्हणायचं! लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी तो पराक्रम करून पाहिला आहे. आम्ही तेव्हा धारवाडला दोन खोल्यांत राहत होतो. न विचारता माझं नाव यादीत गेलं आणि अर्धं पोतं ब्याडगी मिरची घरी येऊन पडली. घरमालकीणबाई जिन्यातच शिंकायला लागल्या. पुढच्या वर्षी मिरचीची यादी लागल्याचं कळताच मी रजा काढून, बस पकडून, नको म्हणून सांगायला गेलो. संध्याकाळी परतलो तेव्हा मिरची कायम होती आणि शिवाय गुळाच्या ढेपेत माझा वाटा लागला होता.

एकदा मामांनी निळ्या रेघांच्या कापडाचा अख्खा तागाच आणला. शिंपीही एकच. भावकीतल्या एका लग्नात आम्ही पंधरा-वीस पुरुष तेच शर्ट घालून ओळीनं उभे होतो, तेव्हा वरपक्षाकडचे एक गृहस्थ माझ्याजवळ आले आणि अदबीनं म्हणाले, "बँडवाल्यांची पंगत शेवटी आहे, तोवर एक गाणं होऊ दे." मी मामांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "बरं हाय की वो. गर्दीत आपलं माणूस हुडकायला नको."

असा माणूस पंचायतीचा अध्यक्ष होणारच. दोन हजार साल उलटून गेल्यावरच्या कुठल्याशा निवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले. नको म्हणायला कोणी घरी गेलंच नसणार. गावात विजेचे खांब होते, तारा होत्या, पण वीज लहर लागेल तेव्हा यायची आणि नेमकी संध्याकाळी जायची. भाकऱ्या चिमणीच्या उजेडात व्हायच्या. धारवाडच्या कुठल्याशा बैठकीत मामांनी सोलारचे दिवे पाहिले आणि त्यांचे डोळे चमकले. मिरच्या, छत्र्या, चपला झाल्या. आता पंचायतीनं साऱ्या गावासाठी मिळून उजेड विकत घ्यायचा! हुबळीच्या दुकानदारानं खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की सगळं गाव घेणार असेल तर भाव उतरवतो, बसवूनही देतो. फक्त प्रत्येक घराच्या सहीची यादी बुधवारपर्यंत हातात पाहिजे. घरटी एक दिवा. तो कुठं लावायचा हे पंचायतीनं मामांच्या कट्ट्यावर बसून ठरवलं : कट्ट्यावर, नाही तर माजघरात. ठराव मी लिहिला. 'संपूर्ण गाव' हे शब्द मामांनी माझ्याकडून दोनदा गिरवून घेतले. तो ठराव हातात धरून ते कट्ट्यावर येरझारा घालत होते, आणि इतके खूश मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

शनिवारी यादी देवळाला लागली. जेवणं झाल्यावर मामींनी पिशवी भरली आणि म्हणाल्या, "कलघटगीला भावाकडं जाऊन येते." दुपारच्या बसनं त्या गेल्या. मामांचं यादीपुढे लक्ष नव्हतं. ते नुसते "हूं" म्हणाले.

रविवारी सकाळी मामा, मी आणि पंचायतीतले दोन सभासद कट्ट्यावर बसलो होतो. बस आली, मामी उतरल्या, पण पायरी चढल्या नाहीत. डोक्यावरचा पदर सारखा करून, पिशवी हातात धरून अंगणातच उभ्या राहिल्या आणि परक्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "अध्यक्ष हायत का घरात?"

"अगं, चढ की वर. हे काय मांडलंस?" मामा म्हणाले.

"चढायला न्हाई आले. नको म्हणून सांगायला आलेय. घरी येऊन सांगावं असं लिवलंय नव्हं तुम्ही? मी तर घरातच असते. येऊ कुठनं? म्हणून कलघटगीला जाऊन आले."

दोन्ही सभासद एकदम आढ्याकडे बघायला लागले.

"नको म्हणजे? काय नको?"

"दिवा. कट्ट्यावर तुम्ही बसताय, माजघरात तुम्ही जेवताय. भाकरी मी कुठं थापते? चाळीस वर्सं मिरच्या आणलासा, छत्र्या आणलासा, येक दिवस तरी इचारलासा काय, तुला कसली पायजे म्हणून? माझ्या घरचं नाव काढा यादीतनं." एवढं बोलून त्या पायरी चढल्या, पिशवी ठेवली आणि आम्हा सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेल्या.

ही गोष्ट गावभर व्हायला चहा उकळायचाही अवकाश लागला नाही. थोड्याच वेळात पहिली बाई आली, पायरीखाली उभी राहिली आणि कानडीत म्हणाली, "नमगूं ब्याड्री." आम्हालाही नको. मग दुसरी आली, मग तिघी मिळून आल्या. नको म्हणायला माझ्याखेरीज कुणीही न आलेल्या त्या घरासमोर दुपारपर्यंत रांग लागली, आणि मामी आतून प्रत्येकीला चहा पाठवत होत्या. मामा यादी मांडीवर घेऊन बसून होते. 'संपूर्ण गाव' त्यांच्या डोळ्यांदेखत अर्ध्यावर आलं होतं. यादी मोडली तर उजेड गेलाच, पण माणसाचा आयुष्यभराचा एकच अभिमान, की मी साऱ्यांचं भलं साऱ्यांच्या आधी ओळखतो, तोही जाणार होता. मी आजवर त्यांच्यावर खूप हसलो होतो. त्या दुपारी मला हसू आलं नाही. रांग संपल्यावर ते माझ्याकडे सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, इचारायचं कसं असतंय वो?"

सोमवारी मी शाळेला चिठ्ठी पाठवली आणि आम्ही दोघं घरोघर निघालो. पहिल्याच दारात मामांनी घरधन्याऐवजी बाईला हाक मारली आणि म्हणाले, "तुमचा दिवा सैपाकघरात लावतोय, हां?" मी त्यांना कोपरानं ढोसलं. हे विचारणं नव्हे, हे सांगणं. दुसऱ्या घरी म्हणाले, "सैपाकघरातच पायजे नव्हं?" पुन्हा ढोसलं. पाचव्या-सहाव्या घरी, घसा खाकरून, चप्पल जमिनीवर घासत, कसेबसे शब्द निघाले : "दिवा कुठं लावू?" आणि मग अशी उत्तरं यायला लागली की मामा थक्क झाले. बहुतेकींना चुलीपाशी हवा होता. एकीला गोठ्यात, कारण पहाटे धार काढताना म्हैस लाथ झाडे. एका म्हातारीला नवरा खोकत पडलेला असे त्या कोपऱ्यात. एकटी राहणाऱ्या एका बाईला दाराच्या कडीपाशी. एकीला कोंबड्यांच्या खुराड्याजवळ, आणि यावर तिचा नवरा हसला तेव्हा मामांनी त्याला दटावून गप्प केलं. प्रत्येक नावापुढे ते स्वतःच्या हातानं जागा लिहीत होते आणि सही घेत होते. चार घरं तरीही नको म्हणाली. मामांनी ती नावं खोडली.

शेवटचं घर त्यांचं स्वतःचं. अंगणात आल्यावर त्यांनी मला थांबवलं, पायरीखाली उभे राहिले आणि हाक मारली, "घरात कोण हाय काय?" मामी पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. "दिवा कुठं लावू?" मामांनी विचारलं. पदराला हात पुसत मामी म्हणाल्या, "चुलीपाशी." मामांनी लिहून घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कोणाला दिसू नये म्हणून मी उगीचच म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

बुधवारी दुकानदारानं यादी वाचली, खुराड्याशी आल्यावर हसला आणि चार घरांसाठी काही अडून बसला नाही. दिवे आले. कट्टे अंधारात राहिले, त्यामुळे गावातले पुरुष संध्याकाळी उजेडाच्या ओढीनं चुलीपाशी जाऊन बसायला लागले आणि पायात पायात येतात म्हणून बायका करवादायला लागल्या. मामाही पाट घेऊन मामींच्या शेजारी बसत आणि पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. मामी म्हणत, "ह्यापरीस चिमणी बरी होती," आणि पाट थोडा जवळ ओढून देत.

मग काही वर्षांनी मामी गेल्या. मामांनी धारवाडला आमच्याकडे राहायला यावं म्हणून आम्ही परोपरीनं सांगितलं. ते ऐकेनात. तेव्हा हिनं एक दिवस मुलांच्या वहीतला कागद फाडला, वर लिहिलं 'आमच्या घरातली माणसं', खाली माझं, तिचं, दोन्ही मुलांचं आणि पाचवं मामांचं नाव घातलं आणि शेवटी ओळ लिहिली : 'नको असेल त्यानं घरी येऊन सांगावं.' ते पत्र पोस्टात टाकलं. आठवड्याच्या आत मामा पिशवी घेऊन आमच्या पायरीखाली हजर. "नको म्हणून सांगायला आलोय," म्हणाले आणि चार दिवस राहिले. दोन महिन्यांनी हिनं पुन्हा यादी पाठवली. ते पुन्हा नको म्हणायला आले, तांदूळ आणि मिरच्या घेऊन, आणि आठ दिवस राहिले. असं किती वर्षं चाललं! राहत तेव्हा प्रत्येक गोष्ट विचारून करत. खुर्ची कुठं ठेवू, धोतर कुठं वाळत घालू, पेपर मोठ्यानं वाचलेला चालंल न्हवं. ही कधी कधी वैतागून म्हणायची, "मामा, तुम्ही न विचारता मिरच्या आणत होता तेच बरं होतं." ते तोंडभर हसायचे.

एका वर्षी गणेशचौथीच्या आधी आम्ही यादी पाठवली. आठ दिवस गेले, पंधरा गेले, ते आले नाहीत. मग गावाकडून निरोप आला आणि आम्हीच गेलो. दिवसकार्य उरकल्यावर ही स्वयंपाकघरात गेली. चुलीपाशी, दिव्याच्या खाली, मामींच्या पाटासमोरच्या खिळ्याला आम्ही पाठवलेली यादी अडकवलेली होती. हिनं ती काढून आणली. आता ती आमच्या स्वयंपाकघरात आहे, गॅसच्या वर, मिरचीच्या डब्याशेजारी. त्या खेपेला नको म्हणून सांगायला मामा आले नाहीत, आणि त्यांच्याच नियमानं आमच्या घरातली माणसं पाच आहेत.